तळटीप १२ : ‘आपल्या जिल्ह्यातले बर्वे’

१२. बिरवाडीकर लेखकाने ज्यांना ‘आपल्या जिल्ह्यातले’ म्हटले आहे, ते चित्रकार प्रभाकर बर्वे (१९३६–१९९५). जन्म नागावचा, उरणचे नव्हे, अलिबागचे नागाव. बिरवाडीहून बरेच लांब, पण जिल्हा एकच, तेव्हाचा कुलाबा. शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. पुढे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीमुळे बनारसला गेले, तिथे तंत्रपरंपरेशी गाठ पडली आणि यंत्राकृतींची मांडणी त्यांच्या चित्रांत उतरली. लेखक याला ‘साधना’ म्हणतो. शब्द जरा भारी वाटतो. नंतरच्या चित्रांत घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकेकट्या दिसतात, रंग बहुधा साधा एनॅमल. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे चित्रविचारांचे पुस्तक मुळात मराठीतलेच.