लेडी कॉन्वे यांचा मस्तकशूळ

डोकेदुखीला आपण दुखणे मानीतच नाही. सुंठ उगाळून लेप लावावा, कपाळाला फडके आवळून बांधावे आणि कामाला लागावे, ही आपली रीत. पण हेच दुखणे पस्तीस वर्षे मुक्काम ठोकून बसले तर माणसाने जगावे कसे? सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ॲन कॉन्वे या बाईंपुढे हा प्रश्न उभा राहिला.

बाईंचा जन्म १६३१ चा. बाराव्या वर्षाच्या सुमारास ताप आला. तो गेला, पण मस्तकशूळ मागे ठेवून गेला. घराणे मोठे, तेव्हा वैद्यांना तोटा नव्हता. रक्ताभिसरण सिद्ध करणारा हार्वे झाला, बॉइलची औषधे झाली. पाऱ्याचा उपचार तर जिवावर बेतला. १६५६ साली कवटीला भोक पाडून घेण्याच्या तयारीने बाई फ्रान्सला गेल्या. तेथे कवटी राहिली बाजूला, मानेच्या रक्तवाहिन्या तेवढ्या उघडल्या! १६६६ मध्ये हात फिरवून रोग घालवणारा ग्रेटरेक्स नावाचा आयरिश गृहस्थ त्यांच्या रॅग्लीच्या वाड्यावर आला. आसपासच्या कित्येकांना गुण आला म्हणतात. बाईंचे कपाळ होते तसेच राहिले. थॉमस विलिस या वैद्याने १६७२ च्या ग्रंथात, नाव न घेता, त्यांची हकिगत दिली आहे : उजेड, बोलणे, आवाज, हालचाल, काहीच सोसत नसे.

त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते. केंब्रिजच्या हेन्री मोरने पत्रांतून त्यांना देकार्तचे तत्त्वज्ञान शिकवले. मन निराळे, शरीर निराळे, हा देकार्तचा सिद्धांत. बाईंनी विचारले : आत्मा इतका अलिप्त असेल, तर देहाच्या पीडेने तो तळमळतो का? आम्ही आमच्या भाषेत म्हणू, घर गळू लागले म्हणून भाडेकरूला ताप भरत नाही. जड आणि चैतन्य यांत केवळ तरतमभाव आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दुखण्यानेच त्यांना तत्त्वज्ञ केले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मस्तकशूळ पुष्कळांना असतो. वेदना जिवाला शुद्ध करते, हे त्यांचे मतही आम्हाला पटत नाही. परंतु ते व्यासपीठावरून नव्हे, अंथरुणावरून मांडलेले आहे, म्हणून वाद घालवत नाही.

अखेरीस त्यांना आधार वाटला तो क्वेकर पंथीयांचा. हे लोक तुरुंग भोगून आलेले. ज्यांनी सोसले आहे त्यांच्या सहवासात आपल्याला धीर येतो, अशा अर्थाचे त्यांनी मोरला कळवले. पतीला हा गोतावळा रुचत नव्हता. बाईंनी तो सोडला नाही.

१६७९ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. त्यांचे टिपण १६९० साली ॲमस्टरडॅमला लॅटिनमध्ये छापून निघाले, तेही निनावी. लायब्निट्सला लेखिका ठाऊक होती. आपली मते कॉन्वेबाईंच्या मतांच्या काहीशी जवळ जातात, असे त्याने १६९७ च्या एका पत्रात लिहिले आहे.