परागंदा आणि निर्वासित



पेशवाईच्या जुन्या कागदांत ‘परागंदा’ हा शब्द वारंवार आढळतो. गांवावर फौज आली, सारा असह्य झाला किंवा पाऊस चुकला, कीं रयत परागंदा होई. परंतु ती कायमची गेली असें सरकार मानीत नसे. धामधूम शमली म्हणजे कौल दिला जाई. पहिल्या सालीं सारा अगदीं हलका ठेवून तो सालोसाल वाढविण्याचा इस्तावा ठरे, आणि माणसें पुन्हा शेतावर येत. त्या काळीं जमीन पुष्कळ व कसणारे हात थोडे होते. म्हणून कुणब्याला परत आणणें ही राज्याचीच गरज होती.

आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्यानें या पळापळीचीं नाना रूपें पाहिलीं. यशवंतराव होळकर व पेंढारी यांच्या स्वाऱ्यांनीं मुलूख लुटला गेला, त्यांतच पावसानें दगा दिला, आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. दख्खनचीं उपाशी माणसें थेट मुंबईपर्यंत चालत गेलीं.

१८७६-७७ सालीं फौजा नव्हत्या, देशांत शांतता होती. तरीहि लोक निघालेच. धान्य महागलें, मजुरी आटली. भूक आतां बाजारभावाशीं बांधली गेली होती. मात्र या वेळीं सरकारनें दुष्काळी कामें उघडलीं. दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातीकाम त्यांतच झालें, व १८७८ सालीं तो सुरू झाला.

१९४७ सालीं सिंधमधून आलेल्या कुटुंबांची गोष्ट निराळी. तीं दुष्काळानें निघालीं नव्हतीं, आणि चांगला पाऊस पडल्यानें परतणारींहि नव्हतीं. तिकडून कौल येणें शक्य नव्हतें. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांनीं संसार मांडले. १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. नगरच्या पेठांतहि कित्येकांनीं दुकानें थाटलीं. ‘निर्वासित’ हा शब्द तेव्हां घरोघरीं पोंचला.

पुढें १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याचीं व पाझर तलावांचीं कामें गांवाजवळ निघालीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. पुष्कळांचें घर त्यामुळें सुटलें नाहीं. तरी पाथर्डीकडचे ऊसतोडणी मजूर आजहि दरसाल गांव सोडतात व हंगाम सरतांच परततात.

तात्पर्य, पळविणारीं कारणें बदलतात: फौज, भाव, सरहद्द. पण मनुष्य परतेल कीं नाहीं, हें मागें त्याला कौल देणारा कोणी उरला आहे काय, यावर ठरतें. दारीं आलेल्यास ‘केव्हां जाणार?’ असें विचारण्यापूर्वीं आपण एवढें जाणून घ्यावें.