वर्तुळाचा चौक : आधी कोण जाणार?

पणजीच्या प्रवेशद्वारावरील दिवजा सर्कल आणि जुने गोवे येथील गांधी सर्कल गोमंतकीय वाहनचालकांच्या नित्य परिचयाची आहेत. चौकाच्या मध्यभागी गोल बेट, त्यावर पुतळा किंवा हिरवळ आणि भोवती फिरणारी वाहने, असे सर्कलचे रूप आपल्या मनात ठसले आहे. प्रत्यक्षात बेट हा या रचनेचा दुय्यम भाग होय. आधी कोण जाणार, हे ठरवणारा नियम हाच तिचा खरा आधार आहे.

न्यूयॉर्कमधील कोलंबस सर्कल येथे १९०५ मध्ये विल्यम फेल्प्स ईनो यांच्या योजनेनुसार वाहने एकाच दिशेने फिरू लागली. मात्र सुरुवातीच्या अनेक सर्कलमध्ये आत शिरणाऱ्या वाहनाला प्राधान्य असे किंवा प्राधान्याचा नियमच नसे. गर्दी वाढली की नवी वाहने आत घुसत, आधीच्यांना बाहेर पडता येत नसे आणि संपूर्ण वर्तुळ जखडून जाई. पॅरिसमध्ये विजयकमानीभोवती बारा रस्ते एकत्र येतात. तेथे आजही आत शिरणाऱ्यालाच वाट द्यावी लागते. तेथील कोंडी जगप्रसिद्ध आहे.

यावरचा उपाय ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम करून अमलात आणला. वर्तुळात फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. आत येणाऱ्याने थांबून मोकळी जागा शोधावी. एवढ्या बदलाने वर्तुळ आपोआप रिकामे होत राहते. मग मोठ्या बेटाचीही गरज उरत नाही. वाहतूक संशोधक फ्रँक ब्लॅकमोर यांनी रस्त्यावर रंगवलेल्या छोट्या वर्तुळांचे प्रयोग केले. त्यांचीच रचना असलेले स्विंडन शहरातील ‘मॅजिक राउंडअबाउट’ १९७२ मध्ये साकारले. तेथे पाच रस्त्यांच्या तोंडाशी पाच छोटी वर्तुळे असून त्यांत वाहने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. मधल्या वर्तुळाभोवती मात्र ती उलट दिशेने जातात. नकाशावर गोंधळ वाटणारी ही रचना अर्धशतकानंतरही वापरात आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर नियम एकच आहे.

पुढे नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात ‘टर्बो’ सर्कल आले. त्यात चालकाला आत शिरण्यापूर्वीच मार्गिका निवडावी लागते. उंचवट्यांमुळे मध्येच मार्गिका बदलता येत नाही. महामार्गाच्या जोडरस्त्यांवर ‘डायव्हर्जिंग डायमंड’ ही आणखी एक रचना आढळते. तिच्यात दोन सिग्नलांच्या दरम्यान वाहने काही अंतर रस्त्याच्या विरुद्ध बाजूने जातात, त्यामुळे महामार्गाकडे वळताना समोरून येणारी वाहतूक आडवी येत नाही. अमेरिकेत ती प्रथम २००९ मध्ये मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे उभारली गेली.

सर्कलमुळे जीव का वाचतात, हे साध्या हिशेबाने कळते. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या जागा ३२ असतात. एकपदरी सर्कलमध्ये त्या ८ उरतात. समोरासमोरची आणि काटकोनातील धडक जवळजवळ टळते. वळणामुळे वेग घटतो, म्हणून झालेला अपघातही सहसा सौम्य असतो. सिग्नल किंवा थांबा-फलक असलेल्या चौकांचे सर्कलमध्ये रूपांतर झाल्यावर अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्याचे आढळले.

या रचनेला मर्यादाही आहेत. एकाच रस्त्यावरून अखंड रांग येत राहिली, तर पुढच्या रस्त्यावरील वाहनांना शिरकाव मिळत नाही. अशा ठिकाणी सिग्नलच योग्य ठरतो. वाहने पूर्ण थांबत नसल्याने दृष्टिहीन पादचाऱ्यांना रस्ता ओलांडणे कठीण जाते. म्हणूनच पादचारी पट्टा वर्तुळापासून किमान एका गाडीच्या लांबीइतका मागे आणि मध्ये थांबण्यास दुभाजक, अशी शिफारस केली जाते. बेटावर दाट झाडी किंवा रस्त्याच्या तोंडाशी जाहिरातफलक असल्यास उजवीकडून येणारे वाहन दिसत नाही आणि सर्कलचा हेतूच हरवतो.

भारतात वाहने डावीकडून चालतात. म्हणजे वर्तुळात असलेले वाहन आपल्या उजवीकडूनच येते. त्यामुळे चालकाने पाळावयाचा क्रम सोपा आहे : वेग कमी करावा, उजवीकडे पाहावे, आत असलेल्याला जाऊ द्यावे, मग शिरावे आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यावा. आधी नाक खुपसणाऱ्याचा मान राखण्याची सवय मोडली नाही, तर कितीही देखणे बेट बांधले तरी तो रस्त्यातला अडथळाच ठरेल.