दोन घोडागाड्यांची वंशज

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिली चौकशी आधीच्या मालकाची होते. डॉक्टरांची, एकाच हातची गाडी असेल तर घेणारा चार पैसे जास्त मोजतो. 29 जून 1985 रोजी न्यूयॉर्कमध्ये सोदबीजच्या लिलावात वीस वर्षं जुनी एक रोल्स-रॉइस फँटम 5 उभी होती. अंदाज दोन ते तीन लाख डॉलरचा होता. बोली थांबली 22 लाख 99 हजारांवर. लिलावात तोवर कुठल्याच मोटारीला एवढा भाव आला नव्हता. पहिला मालक होता बीटल्सचा जॉन लेनन, आणि 1980 च्या डिसेंबरात त्याच न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला होता.

त्या भावात त्याच्या मृत्यूची हळहळ होतीच. तरी मला वाटतं, खरी किंमत गाडीच्या अंगावरच्या रंगाची होती, आणि त्या रंगाला स्वतःचं कूळ आहे.

आधी गाडीचं कूळ. फँटमची बॉडी मलिनर पार्क वॉर्ड या कारखान्यात हातानं घडायची. हा धंदा मूळचा घोडागाड्या बांधणाऱ्यांचा. उमरावांच्या बग्ग्या बांधणाऱ्यांचीच विद्या पुढे मोटारींकडे वळली. मागे ऐसपैस बसणारा मालक, पुढे वेगळा बसणारा चालक, मध्ये काच, ही सगळी मांडणी बग्गीतूनच आलेली. सुमारे 6 मीटर लांबीची ही गाडी इंग्लंडच्या राणीकडेही होती. जून 1965 मध्ये लेननच्या ताब्यात आली तेव्हा ती इतर अनेक फँटमसारखी काळीच होती. त्याच ऑक्टोबरात बीटल्स तिच्यातूनच बकिंगहॅम राजवाड्यावर मानचिन्ह घ्यायला गेले. लिव्हरपूलची पोरं राजवाड्यात उमरावी गाडीतून शिरली.

पुढे लेननने ती आतून बदलून घेतली. मागची सीट उलगडली की पलंग होई. टीव्ही, फ्रीज, टेलिफोन आला. चालत्या गाडीत सुई उडू नये अशी सोय असलेला रेकॉर्ड प्लेअर बसला. काचा इतक्या गडद की भरदिवसा आत रात्र.

1967 च्या वसंतात तिच्या दुसऱ्या कुळाचा संबंध आला. लेननने मुलासाठी रोमानी लोकांची एक जुनी घरगाडी घेतली होती. घोड्यानं ओढायची, लाकडी, वेलबुट्टीनं नखशिखांत रंगवलेली. रोमानी म्हणजे इंग्लंडभर फिरणारे भटके. हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघालेल्यांचे हे वंशज, त्यांची भाषा आपल्या मराठीच्याच भाऊबंदांतली. फिरत्या माणसाला घर एकच, म्हणून सगळी हौस त्या गाडीवर. हाच फुलांचा आणि वळणदार वेलींचा थाट इंग्लंडच्या कालव्यांतल्या मालवाहू होड्यांवरही दिसतो.

लेननने तोच थाट फँटमवर उतरवायचं ठरवलं. सरे परगण्यातल्या चर्ट्सी गावच्या जे. पी. फॅलन या कारखान्यात काम झालं. चित्रकार होते स्टीव्ह वीव्हर. सगळी गाडी आधी पिवळीधमक केली. मग दारांवर फुलांचे गुच्छ, मडगार्डांवर लाल, निळ्या, हिरव्या वेलांची गुंतवळ, छतावर राशीचं चिन्ह. खर्च आला सुमारे 2,000 पौंड. 25 मे रोजी, 'सार्जंट पेपर' हा अल्बम बाहेर पडण्याच्या सुमारास, लेनन ती घेऊन गेला. लंडनमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी संतापून गाडीवर छत्री हाणली, असं सांगतात. मला त्या बाईंचा राग समजतो. उमरावांची बग्गी आणि त्या उमरावांनी आपल्या जमिनीवरून हुसकून लावलेल्यांची घरगाडी, अशा दोन घोडागाड्या एका पत्र्यावर आल्या होत्या. एवढं धाडस नुसत्या श्रीमंतीनं येत नाही. लेननच्या डोळ्यांना त्या भटक्यांच्या गाडीतलं देखणेपण खरोखर दिसलं होतं.

1970 मध्ये गाडी अमेरिकेला गेली. 1977 मध्ये लेनन आणि योको ओनो यांनी ती न्यूयॉर्कच्या कूपर-ह्युइट संग्रहालयाला देऊन करसवलत घेतली. पण विम्याचा खर्च इतका, की काही महिन्यांचं प्रदर्शन झाल्यावर ती कोठारात गेली आणि अखेर लिलावात. घेतली ती कॅनडाचे उद्योगपती जिम पॅटिसन यांच्या कंपनीनं. व्हँकूव्हरच्या 1986 च्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. पुढच्या वर्षी पॅटिसन यांनी ती ब्रिटिश कोलंबिया प्रांताला देऊन टाकली. एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू त्यांनी सगळ्यांची केली, ही गोष्ट मला लिलावाच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते. तेव्हापासून ती त्या प्रांताची ठेव आहे, आणि व्हिक्टोरिया शहरातल्या संग्रहालयाकडे तिची निगा आहे.

2017 मध्ये रोल्स-रॉइसनं लंडनमध्ये फँटमच्या पिढ्यांचं प्रदर्शन भरवलं, दर पिढीची एक गाडी. पाचव्या पिढीच्या पाचशेहून अधिक गाड्या बनल्या होत्या, त्यातल्या दोन खुद्द राणीच्या. कंपनीनं कॅनडाहून मागवून घेतली ती ही पिवळी.