दोन निळ्या तलवारी

जुन्या पोर्सेलिनच्या बशीचं मोल करणारा जाणकार ती हातात आली की आधी पालथी करतो. तळाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी दिसल्या, की मालक लगेच किंमत वाढवून सांगतो. या तलवारी जर्मनीतल्या माइसनच्या.

सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याला चिनी-जपानी भांड्यांचं भारी वेड. १७१७ मध्ये त्यानं आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन १५१ भांडी घेतली. त्याआधीच ऑगस्टसच्या नजरकैदेत योहान ब्योटगरनं, चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या साथीनं, चिनी पोर्सेलिनची कृती उलगडली. १७१० मध्ये माइसनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. कृती गुप्त राहिली नाही. फितूर कारागिरांच्या मदतीनं १७१८ मध्ये व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला. आपला माल ओळखू यावा म्हणून १७२२ मध्ये माइसनचे निरीक्षक श्टाइनब्रुक यांनी राज्याच्या मानचिन्हातल्या तलवारी सुचवल्या.

ही खूण कोबाल्टच्या निळ्या रंगात कुंचल्यानं काढतात, वर झिलई देतात आणि मग भांडं प्रखर आचेच्या भट्टीत जातं. रंग झिलईखाली कायमचा बंद होतो. अंगठा फिरवला तर काहीच जाणवत नाही.

पॅरिसच्या रोडोल्फ लमेअर या व्यापाऱ्याला नेमकी हीच अडचण झाली. १७२९ च्या सुमाराला त्यानं माइसनकडून जपानी काकिएमोन भांड्यांच्या हुबेहूब नकला मागवल्या. नमुने ऑगस्टसच्या खास संग्रहातून कारखान्यात आले. खूण नको, हा लमेअरचा आग्रह; अखेर काही भांड्यांवर तलवारी झिलईच्या वरून काढल्या गेल्या, म्हणजे घासून काढता येतील अशा. त्या पुसल्या की माल अस्सल जपानी म्हणून चढ्या भावानं विकता येणार! प्रकरण फुटलं आणि १७३१ मध्ये त्याला साथ देणारा ऑगस्टसचा मंत्री काउंट होयम याला अटक झाली. अशी भांडी आज संग्रहालयांत मानानं ठेवलेली आहेत.

पुढे गंगा उलटी वाहिली. एकोणिसाव्या शतकात माइसनला इतका भाव आला, की पॅरिसच्या साम्सोनसारखे नकलाकार तलवारींशी मिळतीजुळती खूण स्वतःच्या भांड्यांवर काढू लागले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोल चित्राचं करावं, खूण फक्त साक्षीला घ्यावी. फुलाच्या पाकळीवरची छटा, पापणीची रेघ, सोन्याची झीज हे आधी भिंगातून बघावं. मग तळ. तलवारींवर आडवा ओरखडा असेल, तर तो बहुधा कारखान्यानंच मारलेला असतो. माल दुय्यम प्रतीचा ठरला किंवा न रंगवता पांढराच विकला गेला, असा त्याचा अर्थ. अशा बशीवरचं चित्र बाहेरच्या हातचं असू शकतं आणि किंमत उतरते.

घरात असं भांडं असेल आणि विकायचं असेल, तर तळ घासूनपुसून चकचकीत करू नका. चित्राइतकाच तळाचाही स्वच्छ फोटो काढा, आणि ओरखडा असला तर तो गिऱ्हाइकाला आधीच दाखवा.