पोटाला पडलेली खिडकी

1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात चुकून सुटलेला बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक काही बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट त्यातून पुढे काही वर्षं थेट आत डोकावत राहिले. गड्याने दारू ढोसली की अस्तर लालभडक, जागोजागी सोललेलं दिसे. तो मात्र कसलीच तक्रार करत नसे. नुसत्या लक्षणांच्या भरवशावर राहू नये, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

तसं झालं नाही. जळजळ, मळमळ, दोन घासांत पोट भरणं, या सगळ्याचं खापर विसाव्या शतकातही तिखटावर आणि काळजीवर फुटत राहिलं.

1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना सुजलेल्या जठराच्या नमुन्यांत नागमोडी जिवाणू दिसले. आम्लात जिवाणू? कोण मानणार! 1982 च्या ईस्टरच्या सुटीत प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढले. 1984 मध्ये वॉरन यांचे सहकारी डॉक्टर बॅरी मार्शल ते चक्क प्यायले. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी; मग दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा दाह स्पष्ट दिसला. (धाडस खरं, पण अनुकरण नको.) 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता हा जिवाणू श्वासाच्या तपासणीतही सापडतो. शी डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर अँटासिडवर दिवस काढू नका, डॉक्टर गाठा.