भाटघर जलाशय (येसाजी कंक जलाशय)

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील वेळवंडी नदीवरचा गोड्या पाण्याचा मोठा जलाशय. कापूरहोळ–भोर मार्गावरच्या प्रवाशाला धरणाची लांबच लांब दगडी भिंत दिसते. पाणी मात्र डोंगरांच्या सोंडांना वळसे घालत पश्चिमेला वेळवंड-भुतोंडे खोऱ्यात दूरवर शिरले आहे. उत्तरेच्या डोंगररांगेवर राजगड उभा असून तिच्यापलीकडे वेल्हे (आता राजगड) तालुका लागतो. शिवछत्रपतींचे सहकारी येसाजी कंक हे भुतोंड्याचे. जलाशयाला त्यांचे नाव आहे.

येथील पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. त्याच्या साठ्याला व्हाइटिंग तलाव म्हणत. नीरा कालव्यांना तो अपुरा पडू लागल्यावर मोठे धरण बांधण्यात आले आणि १९२८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या नावाने ते लॉईड धरण म्हणून ओळखले जाई. साठवणक्षमता सुमारे २३.५ टीएमसी असून सांडव्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत.

अभयारण्याचा दर्जा नसलेल्या या जलाशयाचा निसर्ग सिंचनाच्या वेळापत्रकावर चालतो. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतांसाठी पाणी सुटत जाते तसे काठ उघडे पडतात. ओल्या गाळावर गाळपेर होते, गुरे चरतात, बगळे आणि टिटव्या उतरतात. उन्हाळ्याच्या शेवटी कांबरे गावचे कांबरेश्वर मंदिर पाण्याबाहेर येते आणि वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असणाऱ्या देवाचे दर्शन घ्यायला आसपासचे लोक जातात. या खोऱ्यातल्या गावांनी आपली सुपीक नदीकाठची जमीन धरणाला दिली. ती कोरडी पडलेली पाहताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

पावसाळ्यात भातखाचरे आणि ओहोळ, त्यानंतर सोनकी-तेरड्याचा बहर, हिवाळ्यात पाणपक्षी असा हंगाम बदलत जातो. काठाने सायकल चालवणे, पक्षिनिरीक्षण, भुतोंड्याकडून अळू दरवाजाच्या वाटेने राजगड चढणे हे येथील उत्तम उद्योग. संजीवनी माचीवरून जलाशयाचे फाटे नीट उलगडतात. रोहिडा, रायरेश्वर ही ठिकाणेही भोरहून गाठता येतात.

पाण्यात उतरणे मात्र टाळावे. काठाचा उतार फसवा असतो, गाळात पाय रुततो आणि तळाचा अंदाज येत नाही. मे २०२२ मध्ये नऱ्हे गावाजवळ पाच महिला येथे बुडाल्या. काठावरची शेती आणि मासेमारांची जाळी ही लोकांची रोजीरोटी असल्याने तंबू लावण्यापूर्वी गावात विचारावे, आणलेला कचरा परत न्यावा. पुण्याहून कापूरहोळमार्गे भोरची एसटी मिळते. खोऱ्यातल्या आतल्या गावांकडे जाणाऱ्या गाड्या थोड्या, म्हणून परतीची वेळ भोर स्थानकावरच विचारून घ्यावी.